धोवणाचा भाव

सा देक गावातल्या आमच्या पीठ कारखान्यात पर्यावरणाचा हिशेब ठेवायला सुरुवात मी केली. पूर्वी हे मी कुणी न विचारता सांगायचो. हल्ली कुणी विचारलं तरी विषय बदलतो.

मी खिएम, कारखान्याचा मुख्य लेखापाल. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली पंधरा सासुरवाडीत राहून. म्हणजे घरजावई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी, फरक एवढाच की नागोबाला लोक निदान घाबरतात. बायको थाम शाळेत शिकवते. सासूबाईंना मी सगळ्या जावयांसारखं 'मा' म्हणतो, गल्ली त्यांना साउ मावशी म्हणते, आणि मागच्या अंगणात त्या चौदा डुकरं पाळतात. घर त्या डुकरांवर उभं राहिलं. थामचं शिक्षण डुकरांवर झालं, आमचं लग्न डुकरांवर झालं, सासरे गेले त्या वर्षी मांच्या तोंडात घास गेला तो डुकरांना वेळेवर घालायला उठावं लागायचं म्हणून. माझ्या पगारावर घरात काय आलं, तर एक फ्रीज. त्यातही मा डुकरांची औषधं ठेवतात.

आमच्याकडे तांदूळ भिजवायचा, दळायचा, पाण्यात निवळू द्यायचा आणि खाली बसलेलं पीठ घ्यायचं. उरतं ते दाट, पांढरं, आंबूस धोवण. डुक्कर त्यावर असं भरतं की बघत राहावं. कारखाना सरकारी होता तेव्हापासून आसपासच्या बारा घरांतल्या बायका पहाटे मागच्या कालव्याच्या घाटाला होड्या लावतात, पिंपं भरून धोवण नेतात. फुकट. पुढे कारखान्याचे शेअर निघाले, पाटी चार वेळा बदलली, साहेब बदलले, धोवण तेवढं होतं तसंच जात राहिलं. वर्षाच्या शेवटी कारखान्याचं जेवण असतं त्या दिवशी बाराजणी मिळून एक अख्खं भाजलेलं डुक्कर आणून देतात. आधी ते पूर्वजांच्या वेदीपुढे जातं आणि मग आमच्या पोटात.

तर गेल्या वर्षी आमचं पीठ घेणाऱ्या जपानी कंपनीचं पत्र आलं. तुमच्या उत्पादनाचा पर्यावरणीय हिशेब पाठवा. आमचे संचालक तुओंग साहेब यांनी मला बोलावून हा काय प्रकार असतो ते विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. मग दोघांत पगार कमी कुणाचा, या न्यायानं मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला कान थो शहरात गेलो.

तिथे एक तरुण प्राध्यापिका होत्या. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की गटारात जे जातं तेही तुम्ही पैसे मोजून विकत घेतलेलं असतं, मग ते तुमच्या वहीत कुठे आहे? माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं मी दोन वह्या लिहीत होतो, एक करवाल्यांसाठी आणि एक साहेबांसाठी. तिसरी वही खरीसुद्धा असू शकते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी प्रमाणपत्र घेऊन परत आलो तो दुसराच माणूस होऊन. थाम म्हणाली की पहिलाही काही वाईट नव्हता.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी सलग पंधरा दिवस पहाटे घाटावर उभा राहिलो आणि धोवण मोजलं. किती पिंपं, पिंपात किती लिटर, लिटरमागे खाली साका किती बसतो. बायका हसायच्या. गल्लीत सगळ्यात तिखट तोंडाची बाय मावशी म्हणाली, "साउ, जावयाला दूध मोजायला ठेव, धोवण कसलं मोजतोय!" मा हसल्या नाहीत. मला पाय घसरेल म्हणून त्यांनी पायरीवरचं शेवाळ खरवडून दिलं. तरी सातव्या दिवशी मी घसरलोच.

आकडा आला तो बघून मीच गार पडलो. वर्षाला सव्वाशे कोटी डोंगांचा तांदूळ धोवणातून बाहेर जात होता. आता प्रशिक्षणातल्या तक्त्यात प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मालापुढे तीन रकाने होते: कोण नेतं, किती नेतं, कशाच्या बदल्यात. पहिले दोन भरले. तिसरा मोकळा राहिला, आणि मोकळा रकाना मला बघवत नाही. काहींना कोळी बघवत नाही, तसं. मी विचार केला, आठवण काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भाजलेलं डुक्कर, नग एक, अंदाजे किंमत साठ लाख डोंग.'

पुढचं सगळं रामायण त्या एका ओळीनं घडवलं. ते डुक्कर धोवणाची किंमत नव्हतंच. लग्नाला गेलं की पाकीट देतात, ते काय जेवणाचं बिल असतं? हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण शेंबड्या पोराकडे प्रमाणपत्र नसतं.

तुओंग साहेबांनी बैठकीत अहवाल उघडला आणि चाळीस पानांतून नेमके तेच दोन आकडे वाचले.

"म्हणजे दरवर्षी आपण बारा बायकांना सव्वाशे कोटी देतो," ते म्हणाले, "आणि त्या आपल्याला एक डुक्कर देतात."

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण बावीस वर्षांत माझं पान पहिल्यांदा कुणी मोठ्यानं वाचत होतं. साहेबांनी जागेवर लिटरला दोनशे डोंग भाव ठरवला, एक तारखेपासून लागू. मग मिश्कीलपणे माझ्याकडे बघून विचारलं की तुझ्या घरचीही डुकरं आहेत ना रे? मी छाती पुढे काढून म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा, साहेब. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच मी सूचनेवर सही केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझं तर बैल सोडा, डुक्करही रिकामं राहायची वेळ आली होती.

घरी आलो तेव्हा सूचना माझ्याआधी पोचली होती. थामनं ताट आपटलं. "तीन दिवस कान थोला राहून आईच्या डुकरांचा घास मोजायला शिकून आलास," म्हणाली. मी धोरण, पारदर्शकता, निर्यात वगैरे शब्द वापरले. ती म्हणाली की हे शब्द आईला डुकरांपुढे ओतता येतील का ते बघ.

मा भात वाढत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "लिटरला दोनशे? मग माझ्या सहाशे लिटरचे रोजचे एक लाख वीस हजार झाले." मी फोनमधलं गणकयंत्र उघडेपर्यंत त्यांचं झालंही होतं. आमच्या बाजारात शेवयांचे तीन वाडगे येतात तेवढ्यात. रोज तीन वाडगे, आणि डुकराचा भाव तर त्या वर्षी आधीच पडलेला. चौदा डुकरं पाळून हातात जे राहत होतं ते यातच जाणार, हे त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळलंय हे मलाही.

"सही कुणाची आहे खाली?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"बरं," म्हणाल्या आणि माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात घातला. त्या रागावल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

एक तारखेला घाटावर अकरा होड्या आल्या नाहीत. बायकांनी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत, त्या नुसत्या आल्या नाहीत. गिरणीतून कोंडा आणून डुकरांना घालायला लागल्या. बारावी होडी आली. मा त्यातून उतरल्या, पिंपं भरली, रोखपालाच्या खिडकीशी येऊन एक लाख वीस हजार डोंग मोजून दिले आणि पावती मागितली. पावतीवर माझ्या सहीचा शिक्का होता. मी वरच्या खिडकीतून बघत होतो आणि पडद्यामागे लपलोही होतो, ही दोन्ही कामं मला एकाच वेळी जमतात.

बाजारात बाय मावशीनं त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं की साउ, जावयाला हप्ता द्यायला निघालीस का गं? तुझ्यामुळे आमची एकी फुटली. पस्तीस वर्षांची ओळख, पण त्या दिवसापासून कुणी त्यांच्याशी बोलेना. मा पावत्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टोचत गेल्या. रोज एक. मी पाणी प्यायला गेलो की माझी सही बारा-पंधरा वेळा वाऱ्यानं हलायची. शेवटी मी धीर करून विचारलं, की मा, बाकी कुणी येत नाही, तुम्ही कशाला येता?

"सही तुझी आहे," त्या म्हणाल्या. "ती घरातल्यांनीच मोडली तर बाहेरचे कशाला ठेवतील?"

इकडे एका होडीनं किती धोवण जाणार? पहिल्या आठवड्यात टाक्या भरल्या. दुसऱ्यात वाहू लागल्या. पांढरं पाणी कालव्यात उतरलं तेव्हा पहिल्या दिवशी ते दुधासारखं छानच दिसत होतं. चौथ्या दिवशी वास सुटला आणि मासे पोट वर करून तरंगायला लागले. मग प्रभाग कार्यालयाची माणसं नाकाला रुमाल लावून आली. तुओंग साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, हे यात कुठे होतं?

कुठेच नव्हतं. खोलीत येऊन मी माझीच चाळीस पानं पुन्हा वाचली. पान एकोणतिसावर ओळ होती: 'धोवणाची विल्हेवाट, खर्च'. समोर मी शून्य लिहिलं होतं. कारण त्या कामाची एकही पावती माझ्या कपाटात नव्हती, आणि ज्याची पावती नाही ते घडलंच नाही, हा आमच्या धंद्याचा धर्म. बारा बायका तीस वर्षं दररोज पहाटे कारखान्याची घाण उपसत होत्या, वर वर्षाला एक डुक्कर देत होत्या, आणि मी त्यांना शून्य लिहून वर त्यांच्याकडेच पैसे मागितले होते. मला खरंच लाज वाटली. मागे इतरांनी लाज काढली होती तेव्हा वाटली नव्हती तेवढी.

मी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा भाव मागवला. नऊशे कोटी डोंग, शिवाय महिन्याची वीज आणि रसायनं. मग उलटा हिशेब मांडला. कारखान्यानं बायकांकडून दोनशे घ्यायचे नाहीत, उलट नेलेल्या प्रत्येक लिटरमागे त्यांनाच शंभर डोंग द्यायचे, तरी तो सगळ्यात स्वस्त मार्ग होता. त्याचा करारनामा लिहिला, बारा नावांची यादी जोडली आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला.

तुओंग साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं दोनदा वाचलं, मान डोलावली आणि पेन काढलं. मग त्यांचं बोट यादीत सहाव्या नावावर थांबलं.

"ही तुझी सासू ना?"

मी हो म्हणालो.

"खिएम, जपानी माणसं तपासायला येणार. मुख्य लेखापालानं भाव उलटा केला आणि पैसे त्याच्याच घरात गेले, हे त्यांना मी कसं समजावू? गावाला तर समजवायलाही नको, ते आत्ताच बोलतायत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे नाव असेल तर मी सही करणार नाही. आणि नाव काढून तिच्या घरी धोवण फुकट गेलं, तरी बोलणं तेच."

मी म्हणालो की साहेब, त्या एकट्याच तर रोज पैसे भरतायत. नियम पाळणारी तीच एक बाई आहे.

"म्हणून तर वाईट वाटतं," ते म्हणाले. "उद्यापर्यंत ठरव."

संध्याकाळी मी थामला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं, हळू आवाजात. आमच्या घराच्या भिंती लाकडी आहेत आणि मागे मा डुकरांना घालत होत्या, हे माझ्या लक्षात होतं. म्हणून तर हळू बोललो. नाव ठेवावं तर अकरा घरांचं बुडतं, कालवा मरतो. नाव काढावं तर मा एकट्याच दोनशेनं विकत घेत राहणार, आणि शेजारणींना त्याच धोवणाचे शंभर मिळणार. थाम म्हणाली, "तू त्यांना सरळ सांग, सही करा नाहीतर मी राजीनामा देतो." मी म्हणालो की दिला आणि त्यांनी घेतला तर? मी शूर माणूस असल्यामुळे, सकाळी ठरवायचं असं ठरवून टाकलं.

सकाळी आधी मला कालव्याच्या प्रकरणाचं माफीपत्र घेऊन प्रभाग कार्यालयात जावं लागलं. तिथे दीड तास बाकावर बसून मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. चांगलं झालं होतं. त्यात राजीनाम्याचाही उल्लेख होता, थोडा दुरून. दहा वाजता कारखान्यात पोचलो तर करारनामा माझ्या टेबलावर होता आणि त्यावर साहेबांची सही होती. यादीतलं सहावं नाव एका रेघेनं खोडलेलं, आणि रेघेशेजारी मांच्या हातची वाकडीतिकडी सही.

मी साहेबांच्या खोलीत गेलो. ते खिडकीतून घाटाकडे बघत होते.

"तुझ्या सासूबाई नऊला येऊन गेल्या," ते वळून न बघता म्हणाले. "घरी जा. आज रजा टाकायची गरज नाही."

मी घरी गेलो. मागच्या अंगणातली फरशी ओली होती आणि स्वच्छ घासलेली होती. इतकी स्वच्छ ती मी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. गोठ्याची फळी उघडीच होती. मी घरातून निघाल्यावर, आठच्या सुमाराला, व्यापाऱ्याचा ट्रक येऊन चौदाही डुकरं घेऊन गेला होता. त्यातली आठ अजून वजनाला भरलेली नव्हती. मा पायरीवर बसून धोवणाच्या बादल्या घासत होत्या.

"कागद झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"वाच."

मी उभ्यानं सगळं वाचलं. लिटरला शंभर डोंग, दर शनिवारी रोख, घाटाची डागडुजी कारखान्यानं करायची. मा ऐकत होत्या आणि बादली फिरवत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बाय मावशीला आजच सांग. माझ्यावर रुसलीय ती, पण होडी काढेल."

"मा, कशाला विकलीत? मी काहीतरी मार्ग काढला असता."

"काढला असतास. तोवर कालव्यात मासा उरला नसता." त्यांनी बादलीतलं पाणी ओतलं. "डुकरं दारात असती तर लोक म्हणाले असते, जावयानं सासूसाठी भाव फिरवला. मग तो कागद दोन महिन्यांत कुणीतरी फाडला असता. आता त्यावर बोट ठेवायला काही नाही."

मला काय सुचावं? मी भाव विचारला. किलोला काय मिळालं म्हणून. तोंडातून गेलं ते गेलंच. त्यांनी आकडा सांगितला, बाजारापेक्षा बराच कमी होता, घाईत विकणाऱ्याला मिळतो तेवढा. चौदा डुकरांवर एकूण किती तुटले ते माझ्या डोक्यात आपोआप झालं, आणि मला माझ्याच डोक्याचा राग आला. मी खाली बसलो आणि दुसरी बादली घासायला घेतली. त्यांनी घेऊ दिली. एरवी देत नाहीत, मला नीट घासता येत नाही.

सगळ्या बादल्या उपड्या घालून झाल्या. मांनी पदरासारखा गळ्यातला पंचा सोडून हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि मग ते हात मांडीवर ठेवून मोकळ्या गोठ्याकडे बघत राहिल्या.

"खिएम," त्या म्हणाल्या, "उद्या पहाटे चारला उठून मी काय करू रे?"

टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं, त्या घरात पंधरा वर्षं मी तेच करत आलोय. पण त्या खरंच विचारत होत्या, आणि मी शिकलेला माणूस, म्हणून उत्तराची वाट बघत होत्या.